एकाला 80 मिलिसेकंद, दोनशे जणांना 20 सेकंद : असं का होतं?

प्रश्न : आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळातलं. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि नोकरी हैदराबादच्या एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीत. काम सध्या घरूनच चालतं. नागरी सेवा केंद्रांतून निघणारे जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले छापणारी प्रणाली आम्ही सांभाळतो. अर्जदाराची माहिती एक्सएमएलमध्ये येते, तिला एक्सएसएलटी स्टाइलशीट लावली की दाखल्याचं पान तयार होतं. सगळं जावामध्ये आहे. माझ्या लॅपटॉपवर एका दाखल्याला 80 मिलिसेकंद लागतात. पण जूनमध्ये, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत, दोनशे केंद्रांवरून एकदम ‘प्रिंट’ दाबलं जातं आणि तोच दाखला 20 सेकंद घेतो. 4 कोअरचा सर्व्हर बदलून 16 कोअरचा आणला, तरी तसूभर फरक नाही. काम तेच, यंत्र चौपट, मग वेळ जातो कुठे? आणखी एक : टीममधले काही जण म्हणतात, एक्सएसएलटी जुनं झालं, सगळं नव्यानं लिहा. त्यांचं ऐकावं का?
— एक वाचक, आदिलाबाद

उत्तर : तुमच्या पत्रातल्या आकड्यांचा आधी साधा हिशेब करू, कारण अर्धं निदान त्यातच आहे. एका दाखल्याला 80 मिलिसेकंद, म्हणजे दोनशे दाखल्यांचं मिळून 16 सेकंदांचं काम. ते 16 कोअरमध्ये सारखं वाटलं गेलं, तर दोनशेच्या दोनशे दाखले एका सेकंदात हातावेगळे व्हायला हवेत. जुन्या 4 कोअरवरसुद्धा चार सेकंद पुरे होते. तुम्हाला लागतात 20. याचा अर्थ, तुमचा 16 कोअरचा सर्व्हर एका कोअरइतकंही काम देत नाही. बाकीचे कोअर बसून आहेत, आणि शिवाय काहीतरी जास्तीचं काम होतं आहे, जे एकट्यानं मोजताना दिसत नाही.

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवाराबाहेर लागलेली रांग तुम्ही पाहिलीच असेल. समजा आवारात वजनकाटा एकच चालू आहे. फाटक रुंद केलं, हमाल चौपट लावले, आवार वाढवलं, तरी रांग काट्याच्या वेगानंच पुढे सरकणार. सॉफ्टवेअरमध्ये या काट्याच्या जागी लॉक असतो : एका वेळी एकच थ्रेड आत, बाकीचे बाहेर उभे. जीन अॅमडाल यांनी 1967मध्ये हा हिशेब मांडला. कामाचा दहावा हिस्सा जरी एकेकानं करावा लागत असेल, तरी कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या पुढे जात नाही. निम्मं काम तसं असेल तर दुप्पट हीच कमाल मर्यादा. तुमच्याकडे बहुधा सगळंच काम एका लॉकमागे उभं आहे. अशा वेळी सर्व्हर बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

हा लॉक तिथे आला कसा, याचा माझा अंदाज सांगतो. ही गोष्ट इतक्या ठिकाणी अशीच घडते की तुमच्याकडेही तीच घडली असण्याची दाट शक्यता आहे.

एक्सएसएलटी चालतं तेव्हा तीन कामं होतात. पहिलं, स्टाइलशीटची फाइल वाचून, तपासून, यंत्राला चालवता येईल असा तिचा आराखडा तयार करणं. दुसरं, अर्जदाराचं एक्सएमएल वाचून त्याचं मेमरीत झाड उभं करणं. तिसरं, आराखडा त्या झाडाला लावून पान लिहून काढणं. लहान दाखल्याच्या बाबतीत यातलं पहिलं कामच सर्वांत महाग असतं. बाकीची दोन त्यामानानं किरकोळ. आणि पहिलं काम कुणाच्याही दाखल्यासाठी अगदी तेच असतं.

पहिल्या आवृत्तीत प्रोग्रॅमर हे तिन्ही दर वेळी करतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की स्टाइलशीट पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जातो आहे. तो जावामधला ‘ट्रान्सफॉर्मर’ हा ऑब्जेक्ट एकदाच बनवतो, ‘स्टॅटिक’ करून ठेवतो आणि सगळ्यांना तोच वापरायला देतो. चाचणीत एकच माणूस असतो, त्यामुळे झकास चालतं. जून येतो. बेल्याच्या केंद्रावर एक मुलगी उत्पन्नाचा दाखला मागते. तिचा अर्ज क्रमांक आणि नाव ट्रान्सफॉर्मरला पॅरामीटर म्हणून दिलं जातं. रूपांतर सुरू व्हायच्या आत उटनूरच्या केंद्रावरच्या मुलाचा थ्रेड त्याच ट्रान्सफॉर्मरवर स्वतःचा क्रमांक आणि नाव लिहितो. आता मुलीचं रूपांतर सुरू होतं, आणि तिच्या उत्पन्नाच्या आकड्यावर त्या मुलाचं नाव छापून येतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, पान दिसायला निर्दोष. खाली अधिकाऱ्याची सही खरी आणि वर नाव भलत्याचं.

तक्रार येते. हैदराबादहून कुणीतरी घाईनं त्या मेथडवर ‘सिंक्रोनाइझ्ड’ हा शब्द लावून देतो, म्हणजे लॉक बसवतो. नावांची अदलाबदल थांबते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि वेग तिथेच मरतो. पुढच्या जूनमध्ये केंद्रं वाढतात, तुमचे 20 सेकंद उगवतात, आणि दोष सर्व्हरला दिला जातो.

या दोन चुकांच्या मधला रस्ता जावाच्या ग्रंथालयात आधीपासून आहे. स्टाइलशीटपासून ‘टेम्प्लेट्स’ नावाचा ऑब्जेक्ट बनवता येतो. हा तयार आराखडा एकदा झाला की बदलत नाही. म्हणून तो कितीही थ्रेडनी एकाच वेळी वापरला तरी चालतो, अशी लेखी हमी जावाच्या दस्तऐवजातच दिली आहे. प्रत्येक विनंतीसाठी त्याच्यापासून एक नवा ट्रान्सफॉर्मर काढायचा, वापरायचा आणि टाकून द्यायचा. तो काढणं अगदी स्वस्त आहे. पॅरामीटर त्या ट्रान्सफॉर्मरवरच ठेवायचे. लॉक लागतच नाही. जे सर्वांचं सारखं आहे ते एकदाच करा आणि सगळ्यांना द्या. जे एकेकाचं आहे ते दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नका. तुमच्या प्रणालीतल्या प्रत्येक ऑब्जेक्टला हाच एक प्रश्न विचारा : हा सर्वांचा की एकाचा? माझ्या मते बहुवापरातल्या वेगाचा बहुतेक प्रश्न इथेच सुटतो, आणि बाकी युक्त्या त्यानंतरच्या आहेत.

इथे थोडा इतिहास कामाला येतो. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती 16 नोव्हेंबर 1999 रोजी मान्य झाली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. जावाच्या 1.4 आवृत्तीसोबत झालान हा प्रोसेसर यायचा. तो स्टाइलशीट वाचत वाचत चालवायचा. 2004मध्ये आलेल्या जावा 5मध्ये त्याच्या जागी एक्सएसएलटीसी आला. हा स्टाइलशीटचं थेट जावा बाइटकोडमध्ये भाषांतर करतो. चालताना तो वेगवान, पण ते भाषांतर करायला जास्त वेळ घेतो. म्हणून ज्यांनी आराखडा जपून ठेवला त्यांना फायदा झाला, आणि जे दर विनंतीला नव्यानं बनवत राहिले त्यांचा कोड काहीही न बदलता उलट मंदावला. शिवाय प्रत्येक भाषांतरातून नवे क्लास मेमरीत येतात. दिवसभर तसं चाललं की संध्याकाळी सर्व्हर क्लासनीच भरून जातो. तुमच्याकडे रोज संध्याकाळी ‘रीस्टार्ट केलं की बरं चालतं’ असा अनुभव असेल, तर हे कारण आधी तपासा.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्येही असंच आहे. 2005पासूनचा ‘एक्सएसएल-कंपाइल्ड-ट्रान्सफॉर्म’ एकदा लोड केला की अनेक थ्रेडना वापरता येतो. दर वेळी लोड करणं महाग पडतं, आणि स्टाइलशीटमध्ये स्क्रिप्टचे तुकडे असतील तर दर लोडला मेमरीही अडकून राहते. पीएचपीची अडचण निराळी. तिथे प्रत्येक विनंतीनंतर सगळं पुसलं जातं, त्यामुळे आराखडा जपायला जागाच नसते. न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रोग्रॅमरांनी याच कारणासाठी पीएचपीचं एक्सएसएल एक्स्टेन्शन बदलून आराखडा जपणारी आवृत्ती लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली.

आता तुमच्याकडे टेम्प्लेट्स आले असं धरू. तरी एक-दोन लॉक लपून राहतात. ‘ट्रान्सफॉर्मर-फॅक्टरी’ दर विनंतीला नवी मागितली, तर कोणता प्रोसेसर वापरायचा हे शोधायला जावा सिस्टिम प्रॉपर्टी बघतं, कॉन्फिगरेशनची फाइल बघतं, मग जार फायली चाळतं. एका माणसाला हे जाणवत नाही, दोनशेंना जाणवतं. फॅक्टरी एकदाच घ्या आणि प्रोसेसरचं नाव स्पष्ट लिहून द्या. मात्र ती अनेक थ्रेडमध्ये वाटू नका, कारण तिच्याबद्दल तशी हमी नाही. सर्व्हर सुरू होताना तिच्याकडून सगळी टेम्प्लेट्स बनवून घेतली की तिचं काम संपलं.

दुसरी लपलेली जागा नेटवर्कची. एक्सएमएलच्या वरच्या ओळीत अनेकदा डीटीडीचा, म्हणजे रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलचा, पत्ता लिहिलेला असतो, आणि बरेच पार्सर तो दिसला की तिकडे धाव घेतात. एक्सएचटीएमएलचा डीटीडी डब्ल्यू3सी या वेबमानकांच्या संस्थेच्या सर्व्हरवर आहे. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी इतक्या निष्काळजीपणे तो मागवला, की 2008च्या फेब्रुवारीत डब्ल्यू3सीला जाहीरपणे सांगावं लागलं : कधीही न बदलणाऱ्या या फायलींसाठी दिवसाला 13 कोटींपर्यंत विनंत्या येत आहेत. तुमच्या 20 सेकंदांत अशी एखादी वारी असू शकते. नेटवर्क काढून सर्व्हर चालवून पाहा. दाखला अडला किंवा आणखी रेंगाळला, तर तो कुठेतरी बाहेर जात होता. डीटीडीची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि पार्सरला तिकडेच बघायला लावा. स्टाइलशीटमधल्या ‘डॉक्युमेंट’ फंक्शनलाही तोच नियम.

मेमरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गर्दीत सर्व्हर कोसळतो तो बहुतेक वेळा इथे. एक्सएमएलचं मेमरीतलं झाड मूळ फाइलपेक्षा कितीतरी मोठं असतं. समजा छायाचित्र आणि जोडपत्रं धरून एका अर्जाचं एक्सएमएल 2 एमबीचं आहे आणि झाड त्याच्या दसपट, म्हणजे 20 एमबी. जॉन लिटल यांनी 1961मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे : आत एका वेळी असलेले लोक म्हणजे दर सेकंदाला येणारे, गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला 40 अर्ज आणि प्रत्येकी अर्धा सेकंद असेल, तर आत सरासरी 20 जण, मेमरी 400 एमबी. निवांत. पण काही कारणानं वेळ 10 सेकंदांवर गेला, तर आत 400 जण आणि मेमरी 8 जीबी. आता जावाचं गार्बेज कलेक्शन सारखं धावतं, त्यात सगळे थांबतात, म्हणून वेळ आणखी वाढतो, म्हणून आतली माणसं आणखी वाढतात. हे चक्र एकदा सुरू झालं की गर्दी ओसरेपर्यंत आपोआप थांबत नाही. तुमच्या लॅपटॉपवर ते कधीच दिसणार नाही, कारण तिथे आत एकच माणूस आहे.

त्यावर उपाय वेगळा वाटेल, पण करून पाहा : आत सोडायच्या माणसांची संख्या बांधून टाका. रूपांतर हे निव्वळ प्रोसेसरचं काम आहे. 16 कोअरवर एका वेळी 16 ते 20 रूपांतरं चालू द्या, बाकीच्यांना झाड उभं करण्याच्याही आधी, बाहेर, रांगेत थांबवा. दोनशे जण एकदम आत घेतले की प्रत्येकाचं काम अर्धवट राहतं आणि मेमरी सगळ्यांची अडते. सोळा-सोळा करून घेतले तर शेवटच्याचंही काम लवकर होतं. रांग फारच लांबली तर केंद्रचालकाला सरळ संदेश द्या, ‘तुमचा क्रमांक लागला आहे, दाखला तयार झाला की कळवू’. चाक फिरत ठेवू नका. चाक फिरताना दिसलं की माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि एका दाखल्याचे तीन दाखले रांगेत लागतात.

झाड लहान करणंही तुमच्या हातात आहे. छायाचित्र एक्सएमएलमध्ये कोंबू नका, त्याचा फक्त पत्ता द्या. जावाचा सर्वसाधारण डीओएम उभारून तो प्रोसेसरला देऊ नका, सरळ प्रवाह द्या. प्रोसेसर आपल्या सोयीचं आटोपशीर झाड स्वतः बांधतो. मायकेल के यांचा सॅक्सन हा प्रोसेसर वापरत असाल तर हा फरक चांगलाच जाणवेल. आणि एक धोका : गावं-मंडळं यांची सामायिक यादी एकाच डीओएममध्ये ठेवून सगळ्यांना ‘फक्त वाचायला’ दिली असेल, तर तेही सुरक्षित नाही. झर्सेस या पार्सरचा डीओएम वाचतानाच आतल्या गाठी उलगडत जातो, म्हणजे वाचणारेही त्याला बदलत असतात. गर्दीत क्वचित, पुन्हा न घडणाऱ्या चुका येतात त्या अशा.

स्टाइलशीटच्या आत काय लिहिलं आहे, तेही बघा. दाखल्यावर फारसा फरक पडणार नाही, पण दिवसअखेर तहसीलदारांसाठी निघणाऱ्या यादीवर पडेल. यादीत 5000 अर्ज, गावांच्या तक्त्यात 1500 गावं, आणि प्रत्येक ओळीला ‘//गाव[@कोड=$कोड]’ असा शोध. दुहेरी तिरप्या रेघेचा अर्थ, झाडाच्या मुळापासून सगळं चाळा. 5000 गुणिले 1500 म्हणजे 75 लाख तुलना. त्याऐवजी स्टाइलशीटच्या वरच ‘की’ जाहीर केली, तर 1500 गावांची सूची एकदा बनते आणि पुढे प्रत्येक ओळीला थेट गाव हाती येतं. मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासून गट पाडणारा जुना कोडही असाच घातक; 2007च्या 2.0 आवृत्तीपासून गट पाडण्याची सोय भाषेतच आहे. ही यादी आणि दाखले एकाच रांगेत ठेवू नका. एक यादी चालू असताना तिच्यामागे पन्नास विद्यार्थी अडकतात.

तुम्ही विचारलं आहे की वेळ जातो कुठे. सर्वांत जास्त चकवणारी जागा शेवटी सांगतो. लॉक काढले, मेमरी सांभाळली, तरी गर्दी वाढत गेली की वेळ गर्दीच्या प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी 1909मध्ये टेलिफोनच्या कॉलवर जे गणित सुरू केलं, त्यातून पुढे रांगांचं शास्त्र तयार झालं. त्यातल्या एका साध्या सूत्रानुसार, सेवा देणारा एक आणि येणारे अनियमित असतील, तर तो निम्मा वेळ कामात असताना 80 मिलिसेकंदांचं काम सरासरी 160 घेतं. 90 टक्के वेळ कामात असताना 800. 99 टक्क्यांवर 8 सेकंद. कोअर जास्त असले की उसळी उशिरा येते, पण येतेच. म्हणून सर्व्हर 90 टक्क्यांवर चालतो आहे याचं समाधान मानू नका; जूनसाठी तो 60-70 टक्क्यांवरच राहील इतकी मोकळीक ठेवा.

हे सगळं करण्याआधी एक मूलभूत प्रश्न मात्र विचारायला हवा : ‘प्रिंट’ दाबल्यावर रूपांतर करायचंच कशाला? 2011च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मीसेवा सुरू झाली, तिचं मोठं वैशिष्ट्य हे की अधिकाऱ्याची डिजिटल सही असलेला कागद केंद्रावरच हातात मिळतो. सही झालेला दाखला बदलत नसतो, बदलूही नये. मग अधिकारी मंजुरी देतो त्या क्षणी, रात्री किंवा दुपारच्या निवांत वेळी, पान एकदा तयार करून ठेवा. केंद्रावर बटण दाबल्यावर तयार फाइल तेवढी द्यायची. त्याला दोन-चार मिलिसेकंद पुरतात आणि दोनशेच काय, दोन हजार केंद्रं एकदम आली तरी काही बिघडत नाही. परीक्षेच्या निकालाची पानंही अशीच आदल्या रात्री बनवून ठेवता येतात.

तयार पानं साठवताना ती कोणत्या खुणेनं ओळखायची, हे मात्र नीट ठरवा. तुमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. भैंसा किंवा मुधोळच्या माणसाला 2015मध्ये दिलेल्या दाखल्यावर ‘जिल्हा आदिलाबाद’ हेच बरोबर, आणि 2017मधल्यावर ‘जिल्हा निर्मल’. गावांचा तक्ता बदलला म्हणून जुनी पानं आपोआप पुन्हा बनवली तर 2015चा कागद खोटा ठरेल; आणि तक्ता बदलूनही मंजूर न झालेल्या अर्जांची पानं जुनीच राहिली तर नवा कागद चुकेल. म्हणून साठवणीच्या खुणेत अर्ज क्रमांकासोबत स्टाइलशीटची आवृत्ती आणि तक्त्याची आवृत्ती दोन्ही हव्यात. आणि नुसत्या केंद्राच्या किंवा सत्राच्या क्रमांकावर कधीही साठवू नका. त्यातून पुन्हा तेच होईल, एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती.

स्टाइलशीट बदलण्याचा दिवसही जपा. नवी आवृत्ती टाकली, जुने आराखडे पुसले, आणि त्याच क्षणी दोनशे थ्रेड आले तर दोनशेही जण तोच आराखडा बनवायला घेतात. एकानंच बनवावा, बाकीच्यांनी तेवढा वेळ जुना वापरावा आणि तयार झाला की एका झटक्यात अदलाबदल व्हावी, अशी सोय करा. बदल शक्यतो संध्याकाळी टाका.

मोजण्याशिवाय यातलं काहीही करू नका. जून येण्याआधी जेमीटर लावून दोनशे खोटी केंद्रं उभी करा. पहिली काही हजार रूपांतरं हिशेबात धरू नका, कारण जावाला तापायला वेळ लागतो. सरासरी बघू नका. शंभरातल्या सर्वांत दुर्दैवी पाच जणांना किती थांबावं लागलं ते बघा. आणि भर गर्दीत ‘जेस्टॅक’नं दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन वेळा थ्रेडची नोंद काढा. शंभरेक थ्रेड ‘ब्लॉक्ड’ आणि सगळ्यांच्या खाली त्याच एका लॉकचा पत्ता दिसला, तर तुमचा काटा सापडला. स्टाइलशीटचा कोणता भाग किती वेळ खातो हे सॅक्सन आणि एक्सएसएलटीप्रोक दोन्ही स्वतःच सांगतात. दोघांत प्रोफाइलची सोय आहे.

राहिला टीममधल्या मित्रांचा प्रश्न. ब्राउझरमध्ये रूपांतर करून सर्व्हरचा भार हलका करावा असं कुणी सुचवत असेल, तर त्याला नाही म्हणा. क्रोमनं 2025मध्ये ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला आहे. सर्व्हरवरची गोष्ट वेगळी. तिथे 2017ची 3.0 आवृत्ती आहे, मोठी फाइल झाड न बांधता वाहती ठेवून रूपांतर करण्याची सोय तिच्यात आहे, आणि पुढच्या 4.0चं काम चालू आहे. एक्सएमएलही कुठे गेलेलं नाही. यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यातले निरोप एक्सएमएलमध्येच ठरवले गेले. तुमच्या भागात तर एक्सएसएलटीचा खास उपयोग आहे : माहिती एकदाच भरायची आणि तिचं पान तेलुगूत, इंग्रजीत, हवं तर मराठीतही काढायचं. सगळं नव्यानं लिहायला वर्ष जाईल, आणि ज्यांनी एक ऑब्जेक्ट दोनशे जणांत वाटला तेच नव्या भाषेतही तो वाटतील. म्हणून माझं स्पष्ट मत, एक्सएसएलटी ठेवा, त्याच्याभोवतीचा कोड दुरुस्त करा.

केंद्रावर रांगेत उभा असलेला माणूस एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, आणि परतीची बस त्याच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे जूनची वाट पाहू नका. उद्या सकाळी सर्वांत आधी कोडमध्ये ‘स्टॅटिक’ ट्रान्सफॉर्मर शोधा. त्याच्यावर लॉक असेल तर तुमचा वेग तिथे अडला आहे. लॉक नसेल, तर वेगाचं काम बाजूला ठेवा आणि आधी तो ट्रान्सफॉर्मर काढून टाका. कारण मग तुमच्याकडून चुकीच्या नावाचे दाखले आजही बाहेर जात असतील. त्यानंतर मागच्या हंगामातले छापलेले दाखले मूळ अर्जांशी पडताळून पाहायला वरिष्ठांना सांगा.